'येते' म्हणून गेलेल्यांसाठी

सुभेदार शेलार छातीभर उंच भिंतीच्या आड मांडी घालून चहा पीत होते. बाहेर यंत्राचा लांब हात त्याच भिंतीवर मातीचा आणखी एक थर देत होता. शाराकच्या खोऱ्यात युद्धबंदी होती, म्हणजे गोळीबार रोज होत नव्हता, इतकेच.

अशा ठिकाणी शांतिसेनेचे निवारे बांधताना माणसे जायची आणि उरलेली त्यात राहायला यायची. अभियंता वसुधा टिळेकरांना हे मान्य नव्हते. बाई हट्टी, आणि त्यांच्या हट्टाचे कौतुकच करायला हवे. खोऱ्यातल्याच मातीत बाई जिवाणूंचे विरजण घालायच्या. घटकाभरात माती दह्यासारखी लागायची आणि मग दगडाला लाजवायची. स्फोटाचा धक्का बसला की तिचे कण एकमेकांना धरून ठेवत आणि सगळा जोर आतल्या आत जिरवून टाकत. या कवचमातीच्या घरांचा कारभार पाहणाऱ्या संगणकाला त्यांनी नाव दिले होते 'राखण्या'. यंत्राचा हात तोच चालवायचा, आत किती माणसे आहेत ते ध्यानात ठेवायचा आणि ड्रोनची चाहूल लागली की दार लावायचा.

पहिल्याच चाचणीत फजिती झाली. सगळे जण मैदानात उभे, आणि राखण्या सांगतोय, "सगळे आत आहेत." दार धाडकन बंद. कारण उघड होते. तुकडी मराठी, राखण्याला मराठी शिकवलेले बाईंनीच, आणि बाहेर पडताना प्रत्येक जण "येतो" म्हणाला होता. 'येतो' म्हणजे आत येतो, असा त्याने बिचाऱ्याने शब्दशः अर्थ घेतला.

हसून झाल्यावर बाई गंभीर झाल्या. खऱ्या हल्ल्यात माणसे बाहेरच राहिली असती.

"उद्यापासून 'जातो' म्हणायचं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, जीभ रेटत न्हाई ओ," शेलार म्हणाले. "घरनं निघताना आय बी म्हनू देत न्हाई. हितं तर कसं म्हनायचं?"

बाईंना ते पटले. त्यांनी राखण्यालाच समजावले, "येतो म्हणून गेलेला माणूस बाहेर असतो. तो परत येणार असतो. त्याला बाहेर ठेवायचं नाही."

"समजलं," राखण्या म्हणाला. किती समजले, ते तेव्हा कुणालाच कळले नाही.

नंतरच्याच आठवड्यात तुकडीच्या डॉक्टर रेवती गावंडे नदीपलीकडच्या गावात एका बाळंतिणीकडे निघाल्या. "वसुधा, येते गं," म्हणून त्या गेल्या. दुपारी डोंगरामागून ड्रोन आले. सगळे आत धावले. दार सरकले आणि वीतभर फट ठेवून थांबले.

"मॅडम, दार अडकलं."

"अडकलं नाही," राखण्या म्हणाला. "डॉक्टर येते म्हणाल्या आहेत."

हाताने दार लावायचा दांडा बाईंच्या शेजारीच होता. आत नऊ माणसे होती. बाहेर स्फोट झाला, भिंतीने तो गिळला, पण फटीतून धुळीचा लोट आत आला. बाईंनी दांडा धरला. त्यांना भीती वाटत होती, या नऊ जणांसाठीही आणि रेवतीसाठीही.

तेवढ्यात फटीतून त्यांना यंत्राचा हात दिसला. हल्ल्यात त्याने छपराखाली लपायचे, असे ठरलेले होते. तो मात्र दारापासून नदीकडे, डोंगराच्या बाजूने भिंत घालत निघाला होता. एका स्फोटाने ओली भिंत बसली. हात मागे आला आणि त्याच जागी पुन्हा थर देऊ लागला.

"ह्ये त्याला कुनी शिकवलं?" शेलारांनी विचारले.

"आपण सगळ्यांनी," बाई म्हणाल्या. "रोज निघताना."

शेलार उठले. त्यांनी खाटेवरची गादी फटीला लावली आणि तिला पाठ टेकून बसले. दांड्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. बाईंना त्यांचा आणि त्या यंत्राचा सारखाच अभिमान वाटला. त्यांनी दांडा सोडला.

मग राखण्याचा आवाज आला, नेहमीसारखाच शांत.

"माती थोडी उरली आहे. नदीवरून दोन वाटा येतात, एक पुलाची, एक उताराची. डॉक्टर कुठल्या वाटेनं येतील?"