जात्याला दिलेलं नाव

मी तीस वर्षं आकुर्डीच्या शाळेत मराठी शिकवलं. अक्षर गिळणाऱ्या मुलांना मी वर्गात उभं करत असे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं माझ्या त्या खोडीमुळे झालं.

लेकीच्या, सायलीच्या, हळदीच्या आदल्या दिवशी मी चाकणला गेले. आमच्या सासूबाईंचा हट्ट, पाकिटातली हळद चालणार नाही, गोजाबाईंच्या जात्यावरचीच हवी. दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये गोजाबाईंचं घर अजून तग धरून होतं. भर दुपार, पण आत उजेड नाही. ओल्या दगडाचा आणि हळकुंडांचा वास भरलेला.

म्हातारी जात्याशी बसली. मी समोर बसून खुंट्याला हात लावला. दळण सुरू झालं, तशी ती गाऊ लागली.

हळकुंड दळिते, दुरडी भरली,
मांडवात उभी माजी साय…

इथे तिने ओठ मिटले. जातं घरघरत राहिलं. दुसऱ्या ओवीलाही तेच.

"गोजाबाई, शेवटचं 'ली' राहतंय."

"ऱ्हाऊ द्या, बाई. जात्याम्होरं पुरं नाव घ्यायचं न्हाई. शेवट आपल्याकडं ठिवायचा."

"का बरं?"

"पुरं दिलं, की ते ठिवून घेतं."

मला हसूच आलं. लेकीच्या लग्नाची ओवी अशी लंगडी ठेवायची? तिसऱ्यांदा ती थांबली, आणि मी वर्गात म्हणावं तसं खणखणीत म्हटलं, "सायली!"

गोजाबाईंनी हळदीचा हात माझ्या तोंडावर दाबला. उशीर झाला होता. आम्हा दोघींचे हात खुंट्यावरून सुटले होते, आणि जातं फिरतच होतं. एक फेरा… दुसरा… मग थांबलं.

"काय केलं हे, बाई… काय केलं…"

तेवढ्यात माझा फोन वाजला. रावेतहून, घरूनच.

"आई, मी साय…" आवाज तुटला. "आई, मेंदीवाली नाव विचारतेय, आणि मला… मी साय… आई, पुढचं येत नाहीये गं!"

"घाबरू नकोस. माझ्यामागून म्हण. साय…"

माझीच जीभ अडकली. तीस वर्षांत जी कधी अडखळली नाही, ती जीभ. जोर लावला, घाम फुटला, पण ते अक्षर येईना.

आणि थांबलेल्या जात्याच्या दोन दगडांमधून, माझ्या लेकीच्या आवाजात, हळूच आलं, "…ली."

मी फोन टाकूनच दिला. गोजाबाई भिंतीला टेकल्या होत्या. "आता तिला नावानं हाक मारू नका," त्या कुजबुजल्या. "हाकंगणिक आनखी जाईल."

ती हळद मी तिथेच सोडून आले. लग्न झालं, लेक नांदते आहे. लिहिताना नाव पूर्ण उमटतं, म्हणून हे लिहून ठेवते आहे. तिला मी 'बाळा' म्हणते, 'राणी' म्हणते. जपते फार. पण आईचंच तोंड. गेल्या आठवड्यात माहेरी आली होती, तेव्हा ती जिना उतरताना घसरली, आणि माझ्या तोंडून हाक निघून गेली.

काल तिचा फोन आला.

"आई, मी सा…" एवढंच म्हणाली, आणि रडायला लागली.

उरलेलं नाव माझ्या स्वयंपाकघरातून आलं, पाट्या-वरवंट्याच्या मधून, तिच्याच आवाजात.