बारावा दिवस संपायच्या आत

रोव्हर (चंद्रावर फिरणारी यंत्रगाडी) झोपला होता आणि नवापूरच्या शाळेची पाळी अजून यायची होती.

खरा रोव्हर अजून पृथ्वीवरच होता. हा संगणकावरचा सराव होता. रोव्हरने चंद्रावर तेरा दिवस काम करून मग झोपायचं होतं. तेरावा दिवस नवापूरचा. त्या दिवशी तेजल गावितच्या वर्गाने निवडलेल्या जागी तो जमिनीला भोक पाडणार होता. पण तीनदा सराव झाला आणि तिन्ही वेळा तो बारावा दिवस संपायच्या आत झोपला. रोव्हरमध्ये भरायची आज्ञावली शुक्रवारी संध्याकाळी पाचला पक्की होणार होती, त्यानंतर तीत बदल नाही. आज बुधवार होता.

रोव्हरची आकडेमोड ‘अंकशाळा’ करत असे. हा मुक्तस्रोत प्रकल्प होता (त्याची आज्ञावली कुणीही वाचावी, सुधारणा सुचवावी). तेजलने सुधारणा पाठवली: रोव्हर ज्या घड्याळावर झोपतो ते पुढे जातंय, बाराव्या दिवशी ते चोवीस तास मागे घ्या.

तासाभरात उत्तर आलं. सुधारणा तपासणारी निखत अन्सारी मालेगावच्या कॉलेजात शिकत होती. तिने लिहिलं, “नाकारली. घड्याळ पुढे का जातं, ते कुठे लिहिलंयस? चूक पकडणारी चाचणी आधी, दुरुस्ती नंतर. इथे सगळ्यांना हाच नियम.”

“आजोबा, तुम्हीही तिथे तपासता ना? तुम्हीच मान्य करा,” तेजल घरी म्हणाली.

आजोबा निवृत्त गणितज्ञ होते. “नातीचं काम मी तपासत नाही. तपासलं असतं तरी हे परत पाठवलं असतं.”

“मग वर्गात काय सांगू?”

“आधी मला सांग, घड्याळ चालतं कसं?”

“दर टिकटिकीला ०.१ सेकंद मिळवतं.”

“एक कोटी वेळा मिळवून बघ.”

उत्तर दहा लाख यायला हवं होतं. आलं दहा लाख सत्त्याऐंशी हजार नऊशे सदतीस.

“याला बेरीज येत नाही?”

“येते, जागा कमी पडते. संख्या लिहायला त्याच्याकडे ठरावीक घरं आहेत. संख्या वाढली की अपूर्णांकाला घरं उरत नाहीत. त्यात ते तुकडे करतं अर्धा, पाव, अष्टमांश असेच. सहा-साडेसहा दिवसांनी ०.१ त्यात बसत नाही, मग ते जवळचा तुकडा घेतं, एक अष्टमांश.”

“म्हणजे दर वेळी थोडं जास्त.”

“पूर्णांकन त्रुटी (जवळच्या संख्येवर बसवताना पडणारा फरक).”

तेजलने वहीत एकेक रेघ ओढली. “टिकटिकीच मोजल्या तर? एक, दोन, तीन. पूर्ण संख्येला तुकडाच नाही. वेळ हवी तेव्हा दहाने भागायचं.”

“मला काय सांगतेस? निखतला लिही.”

गुरुवारी तिने चाचणी लिहिली: एक कोटी टिकटिकींनंतर घड्याळाने दहा लाख सेकंद दाखवावेत. जुन्या घड्याळावर ती नापास झाली, व्हायलाच हवी होती. मग चार ओळींची दुरुस्ती केली आणि चाचणी पास झाली.

“आज्ञावलीतली दोन नावं स्पष्ट कर,” निखतने कळवलं. “आणि टिपणातलं ‘बिचारं घड्याळ’ काढ.”

शुक्रवारी पावणेपाचला सुधारणा मान्य झाली. सरावात तेराव्या दिवशी रोव्हर जागा होता आणि त्याचा ड्रिल जमिनीत उतरला.

सोमवारी, अंकशाळेच्या पुढच्या आवृत्तीसाठी आलेली गंगटोकच्या एका मुलाची सुधारणा याच चाचणीवर अडकली. त्याने वैतागून विचारलं, ही चाचणी कुणी घातली आणि कशासाठी?

तेजलने लिहिलं, “मी. घड्याळात काय बदललंस ते सांग, दोघं मिळून बघू.”