लॉर्कनने पाळलेली शपथ

मुरिनचं लग्न मागच्या शनिवारी ऑस्ट्रेलियात, पर्थला लागलं. नवरा दातांचा डॉक्टर, स्वभावाने बरा. आयर्लंडमधल्या एनिस्टायमन या तिच्या गावात ही बातमी सगळ्यांना ठाऊक आहे. लॉर्कनला ती ठाऊक नाही, असं सगळे धरून चालतात, आणि सगळ्यांत कसोशीने लॉर्कन. तेव्हा असलं काही घडलंच नाही, असं आपणही धरून चालू.

गावच्या वाचनालयात जुन्या आयरिश वीरकथांची एकच प्रत होती. बाहेर तिरकी झड, आत त्या एका पुस्तकावर दोन हात. एक औषधांच्या दुकानातल्या मुरिनचा, दुसरा दूध काढायची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या लॉर्कनचा.

"सोड," ती म्हणाली. "तुझ्या हाताला गाईचा वास येतोय."

"यातही गाईंवरूनच युद्धं चाललीत. पुस्तकाला सवय असेल."

मग दर गुरुवारी तिच्या स्वयंपाकघरात वाचन सुरू झालं. चहा, मनुकांचा पाव, आणि गुडघ्याला गुडघा लागला की दोघांचंही पानाकडे नको इतकं लक्ष. त्या कथांत बाई पुरुषाला शपथ घालते — अमुक करायचं नाही. मोडली, तर सर्वनाश.

एका गुरुवारी मुरिन म्हणाली, "मला पर्थला नोकरी मिळालीय."

लॉर्कनला खूप काही बोलायचं होतं. तो म्हणाला, "पाव छान झालाय."

तिने पाव त्याच्यापुढून बाजूला सरकवला. मग बोट रोखून म्हणाली, "तुला शपथ आहे, लॉर्कन. मी बोलावल्याशिवाय या दारात पाऊल टाकायचं नाही."

तिचे डोळे हसत होते. त्याने डोळे पाहिलेच नाहीत. फक्त शपथ ऐकली.

आणि पाळली. घरामागच्या गोठ्यातलं तिच्या वडिलांचं यंत्र बंद पडलं, तेव्हा त्याने कुंपणापलीकडून ओरडून ओरडून ते त्यांच्याकडूनच दुरुस्त करवलं. संध्याकाळी तिचं दार उघडं असायचं, भर पावसातही. तो व्हॅनमधून बघायचा आणि स्वतःच्या निग्रहाचं कौतुक करत घरी जायचा.

शेवटी भेट झाली ती तिच्या जाण्याच्या सकाळी, बसथांब्यावर. तिथे शपथ लागू होत नाही, याची त्याने आधी खात्री करून घेतली होती.

"आला नाहीस," मुरिन म्हणाली.

"शपथ होती."

"इतक्या कथा वाचल्या आपण. एकाने तरी पाळली का रे?"

तो आठवू लागला. बस येईपर्यंत आठवत राहिला. "...नाही."

"मग?"

"मला वाटलं, सर्वनाश टळेल."

"टळला की," ती म्हणाली. त्याच्या कॉलरवरचं पाणी तिने हलकेच झटकलं — आणि बसमध्ये चढली.

सबब, वाहतूक खात्यास नम्र विनंती की, त्या सकाळची विमानतळाची बस पूर्वलक्षी प्रभावाने रद्द समजण्यात यावी, व खिडकीजवळच्या हिरव्या कोटातील प्रवाशास तिच्या घरी परत पोहोचवण्यात यावे. अर्जदार आता न बोलावता आत येण्यास तयार आहे.