शनिवारी हातात आलेलं घड्याळ

हे रचलेलं नाही. विक्रांत माझा आतेभाऊ, आणि छत्रीबागेतल्या त्याच्या घरी मी आजही चहाला जातो. रात्रीची गोष्ट असती तर मीच म्हणालो असतो, भास झाला असेल.

पण हे भर दुपारी घडलं.

विक्रांतला पाणबुडे वापरतात तसल्या घड्याळाचं भारी वेड. सेल नाही, चावी नाही, मनगट हललं की चालणारं. नवं परवडेना. तेव्हा त्याचा सख्खा मोठा भाऊ मानस म्हणाला, "माझं सेकंडहँड आहे, तूच घेऊन टाक ना यार."

शनिवारी मानस खास सिमरोलहून ते द्यायला आला. विक्रांतने लगेच पैसे पाठवले. संध्याकाळी मानसने सगळे परत पाठवले.

"भावाभावात कसला हिशोब?"

विक्रांतला भरून आलं. स्टीलच्या पट्ट्याला तिळाच्या तेलाचा वास होता, पण तिकडे कोण लक्ष देतो...

आठवडाभर स्वारी हवेत. जिथे जाईल तिथे बाही वर. घरात आनंदही होताच. बायकोला, संहिताला, दिवस गेले होते. आधी दोनदा हातातोंडाशी येऊन गेलेलं, म्हणून तीन महिने होईतो आईखेरीज कुणालाच सांगायचं नाही असं ठरलेलं.

मानसलाही नाही.

पुढच्या रविवारी दुपारी विक्रांतने घड्याळ पहिल्यांदाच काढून टेबलावर ठेवलं.

कट्... कट्... कट्...

काचेभोवतीची चकती आपोआप फिरत होती. बुडी मारताना पाणबुडे तिने खूण लावतात, खाली किती वेळ गेला ते कळायला. खूण मिनिटकाट्यापाशी येऊन थांबली.

आणि स्वयंपाकघरातलं संहिताचं गुणगुणणं बंद झालं.

तो घड्याळ मुठीत घेऊनच धावला. ती ओट्याला धरून उभी. तोंड उघडं... श्वास आत जातच नव्हता.

काय सुचलं कुणास ठाऊक, त्याने घड्याळ मनगटात चढवलं.

तिने श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी कपाटात कोंडून पाहिलं. कपाटातून कट्... कट्... आणि पुन्हा तेच.

शेवटी त्याने आईला सांगितलं. शारदाआत्याने पट्ट्याचा वास घेतला.

"शनिवारी? लोखंड, तेल, आणि वर फुकट? अरे, हे शनीचं दान केलंय त्याने. स्वतःची पीडा तुझ्या गळ्यात घातली."

विक्रांतने फोन लावला. मानस म्हणाला,

"आधी कुणाचं होतं, नाही माहीत रे. विकून पाहिलं, परत यायचं. माझ्या पोराचा, देवांशचा, श्वास अडकायचा. तुझ्या घरी लहान मूल नाही, म्हणून..."

"मग परक्याला द्यायचं."

"परका फुकट घेत नाही, विक्रांत. त्याला संशय येतो."

सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता, तोही भरवसा ठेवला म्हणून. विक्रांतने फोन ठेवला. बाळाचं त्याने सांगितलंच नाही.

आता तो घड्याळ उतरवत नाही. झोपेतही नाही. कुणाला द्यावं तर त्याच्यात आणि मानसमध्ये फरक काय राहिला? संहिताला यातलं काही माहीत नाही. ती कौतुकाने सांगते, "मानसदादांनी दिलंय ना, फार जीव आहे त्यांचा यांच्यावर."

परवा मी गेलो होतो. घड्याळ त्याच्या मनगटावरच होतं. बोलता बोलता...

कट्.

चकती एक घर सरकली. हातात असताना, पहिल्यांदाच.

संहिता आत चहा करत होती. आम्ही दोघं तिच्या आवाजाची वाट बघत बसून राहिलो.