अलगुंदचा अर्थ

आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. पेशंट येतो, बाकावर बसतो आणि भिंतीवरच्या पडद्याकडे बघत आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहतो. तो पडदा आमचा. नंबर वेळेवर लागला तर श्रेय डॉक्टरांना, रखडला तर शिव्या आम्हाला. दर दुसऱ्या गुरुवारी आमचं नवं रिलीज निघतं आणि त्यात काय बदललं ते साध्या भाषेत लिहून देण्याचं काम माझ्याकडे आहे. ऑफिसात मला लेखिकाबाई म्हणतात. मी लिहिलेलं कोणी वाचत नाही, त्यामुळे हे नाव मला शोभतं.

प्रत्येक रिलीजला नाव असतं. इतर कंपन्या फुलांची, डोंगरांची, प्राण्यांची नावं देतात. आमच्याकडे ते मशीनच ठरवतं. प्रोग्रॅमचे सगळे तुकडे जोडून झाले की ऑफिसातल्या पडद्यावर एक शब्द उमटतो. फिर्कोल, तुंब्रास, झेपटोर, असलं काहीतरी, जगातल्या कुठल्याही भाषेत नसलेलं. ही सोय कोणी करून ठेवली, माहीत नाही. सर्व्हर सांभाळणारे काका ऑफिसात सगळ्यांत जुने, पण विचारलं की तेही कानावर हात ठेवायचे. म्हणायचे, मी आलो तेव्हापासून आहे, बंद कुठून करायचं ते शोधून थकलो.

मग आमची एक रीत पडली. नाव उमटलं की कॉफीच्या मशीनजवळच्या उंच टेबलाभोवती उभं राहायचं आणि त्या शब्दाला अर्थ द्यायचा. आम्ही चौघं: मी, काका, आमच्या साहेब म्हणजे मॅडम, आणि ठोकळा. अर्थ ऐकून चौघंही हसले तरच तो पास. पास झालेला अर्थ मी माझ्या माहितीपानाच्या तळाशी बारीक अक्षरात घालायची.

ठोकळा आमचा टेस्टर. कुठल्याही गोष्टीत "आणि असं झालं तर?" विचारण्यासाठी त्याला पगार मिळतो. पेशंटने नाव लिहिलंच नाही तर? डॉक्टरच आले नाहीत तर? त्याचं हसणं म्हणजे नाकातून सुटलेली थोडी हवा, आणि तेवढ्या हवेसाठी आम्ही तिघं जिवाचं रान करायचो.

सुरुवात झाली ती फिर्कोलपासून. मी अर्थ दिला होता: कपडे धुण्याच्या मशीनमधून मोजे काढावेत आणि प्रत्येक जोडीतला डावाच गायब असावा, ती अवस्था. मोज्याला डावा-उजवा असतो होय, असं म्हणत काका खो खो हसले. सोमवारी त्यांनीच खालच्या आवाजात मला विचारलं, तुझे मोजे आहेत ना जागेवर? त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला टोक आहे, त्यामुळे डावा मोजा तिथे विरतो. घरातल्या प्रत्येक जोडीतला तो विरलेलाच गेला होता. मॅडमचेही गेले होते. ठोकळ्याच्या दोन पायांत दोन रंग दिसत होते. मी म्हटलं, मोजे कोणाच्या घरी हरवत नाहीत? माझे हरवले होते हे मात्र मी सांगितलं नाही.

तुंब्रासचा अर्थ काकांचा: कोणी बटण न दाबता मधल्याच मजल्यावर थांबणारी आणि दार उघडून अदबीने वाट पाहणारी लिफ्ट. त्या आठवड्यापासून आमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबायला लागली. तिसरा मजला रिकामा आहे, काचेच्या दाराला कुलूप आणि आत खुर्च्यांचा ढीग. लिफ्टवाले दोनदा येऊन सगळं उघडून बघून गेले आणि लिफ्ट ठणठणीत आहे म्हणाले. ती अजून थांबते. दार उघडतं, माणूस आत येऊन उभा राहायला लागेल तेवढा वेळ जातो, दार मिटतं. आम्ही आता सवयीने थोडं मागे सरकून जागा करतो.

झेपटोरला काकांनी मुद्दाम "न मागता झालेली पगारवाढ" असा अर्थ दिला. काका आणि मी पोट धरून हसलो, ठोकळ्याच्या नाकातूनही हवा सुटली. मॅडम हसल्या नाहीत, आणि झालंही काही नाही.

"चौघं हसलो की होतं," ठोकळा मला म्हणाला. "एक जण जरी राहिला तरी होत नाही."

सॉफ्टवेअरमधला दोष सांगताना त्याचा आवाज जसा सपाट असतो तसाच होता. मी त्याला योगायोग या विषयावर बरंच ऐकवलं. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, नवसावर नाही, राशीभविष्यावर तर मुळीच नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की मग आणखी एकदा करून बघू, बिनधोक काहीतरी. पुढच्या नावाला आम्ही अर्थ दिला: उशीर झालेला असताना सगळे सिग्नल हिरवे मिळणे. एरवी रोज उशिरा येणाऱ्या मॅडम दोन आठवडे वेळेवर आल्या. त्यानंतर मी योगायोगाबद्दल बोलणं बंद केलं.

आता बाबांबद्दल सांगायला हवं.

बाबा एका कारखान्यात मालाची तपासणी करायचे. खोट काढणं हा त्यांचा धंदा आणि तोच छंद. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला, पाहुण्याला आणि माझ्या प्रत्येक मार्कशीटला ते त्या नजरेतून काढायचे. वर्षापूर्वी त्यांच्या मेंदूत गुठळी झाली आणि बोलणं गेलं. हात सुधारला, पाय सुधारला, समजत सगळं होतं, पण शब्द एकही नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई चित्रांचे पत्ते घेऊन यायच्या. बाबा चित्राकडे बघायचे, मग बाईंकडे, मग भिंतीकडे. शेवटी बाईंनी आईला पॅसेजमध्ये घेऊन सांगितलं की आता फार आशा ठेवू नका.

तेव्हापासून आई त्यांच्या वतीने बोलायला लागली. यांना छान वाटतंय, यांना तुम्ही आलेलं आवडलं, यांची काही तक्रार नाही. असलं गोड बाबा जन्मात कधी बोलले नव्हते. माझा बाप माझ्या डोळ्यांदेखत एक भला माणूस होत चालला होता आणि मला तो नको होता. मला तो कटकट्या परत हवा होता.

ही गोष्ट टेबलावर न्यायचं माझ्या मनात अनेकदा आलं, आणि प्रत्येकदा मी ते झटकलं. बापाच्या आजारावर विनोद करायचा आणि चार माणसांना त्यावर हसवायचं, हे कोणाला जमेल? मग एका बुधवारी मॅडमनी सांगितलं की वरून आदेश आलाय, उद्याचं नाव शेवटचं. पुढच्या रिलीजपासून फक्त आकडे. काकांना बंद करायचं बटण अखेर सापडलं होतं.

गुरुवारी दुपारी पडद्यावर उमटलं: अलगुंद.

आम्ही टेबलाभोवती उभे राहिलो. मी हात वर केला आणि म्हणाले, अलगुंद म्हणजे वर्षभर तोंड बंद राहिलेल्या माणसाच्या पोटात साठलेल्या तक्रारी, ज्या तोंड उघडल्यावर तारीखवार बाहेर पडतात.

कोणी हसलं नाही. तिघांनाही बाबांचं माहीत होतं. काकांनी कपात बघितलं. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, यावर कसं हसायचं आम्ही?"

मी त्यांचा हात बाजूला केला. आता माघार घेतली असती तर आयुष्यभर स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं.

मी बाबा झाले. मान थोडी तिरकी, एक भुवई वर, अंगठ्याने टेबलाची कड तपासत. म्हणाले की सुरुवात अँब्युलन्सपासून करू. स्ट्रेचर उचलणारे दोघं, एक उंच, एक बुटका. मी वर्षभर तिरका पडून आहे तो आजाराने नव्हे, त्या दोघांमुळे.

काकांच्या खांद्यांना थोडा हिसका बसला.

मग ते डॉक्टर. माझ्या डोळ्यांत टॉर्च मारून विचारतात, मी कोण? अहो, तुम्हाला माहीत नसेल तर मला कसं असणार? मग शेजारचे. वाचा माझी गेली, कान शाबूत आहेत, तरी उशाशी बसून ओरडतात. मग त्या पत्तेवाल्या बाई. सफरचंदाचं चित्र दाखवून म्हणतात, हे काय आहे, बोला. बोलणार होतो. सफरचंदाला डाग होता. डागापासून सुरुवात करावी की रंगापासून, या विचारात वर्ष गेलं.

काका हसले. आधी दबकत, मग टेबल धरून. मॅडमनी तोंडावर रुमाल घेतला, पण त्यांचे डोळे गळत होते आणि पोट हलत होतं. मीही हसत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बाबांना मी स्पष्ट ऐकत होते.

ठोकळा हसला नव्हता.

मी आणखी दोन-तीन तक्रारी केल्या. तो बघत राहिला. माझ्याजवळचं सगळं संपलं. हसू विरायला लागलं. काका त्याच्याकडे विनवणीच्या नजरेने बघायला लागले.

"आणि ज्या तक्रारी आपल्याला माहीतच नाहीत," ठोकळा म्हणाला, "त्यांचं काय?"

मी भुवई पुन्हा वर केली.

"त्या," मी बाबांच्या आवाजात म्हणाले, "सगळ्यात शेवटी. माझं अजून संपलेलं नाही."

ठोकळ्याच्या नाकातून हवा सुटली.

मी माहितीपान लिहिलं, तळाशी अर्थ घातला आणि घरी निघाले. टॅक्सीत स्वतःला बजावत होते की काही होणार नाही, होणं शक्यच नाही. घराचं दार उघडं होतं. आई पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून उभी होती, हातात सुपाचा वाडगा. तिने बोट ओठांवर ठेवलं.

आतून आवाज येत होता. गंजलेला, अडखळणारा, पण त्यांचाच.

"आणि दरवाजातून काढताना कोपर आपटलं. दोघांपैकी एकालाही दिसलं नाही. उंचाचं सोडा, बुटक्याला तरी दिसायला हवं होतं."

माझ्या छातीतून एवढा मोठा आवाज फुटला की मलाच तो ओळखू आला नाही. मी धावत आत गेले आणि बाबांच्या गळ्यात पडले. ते म्हणाले, हळू, बरगडी आहे ती. मी हसत होते, रडत होते, आईही तेच करत होती, आणि बाबा आमच्या दोघींच्या डोक्यांवरून आपल्या तक्रारी पुढे नेत होते. मी जिंकले होते. साऱ्या जगाला ओरडून सांगावं इतकी जिंकले होते. ठोकळ्याला फोन करून फक्त "पास" म्हणाले. पलीकडून ती नाकातली हवा ऐकू आली.

संध्याकाळभर बाबा बोलत राहिले. डॉक्टर झाले, शेजारी झाले, पत्तेवाल्या बाई झाल्या. मग आईची पाळी आली.

"मला सूप आवडतं असं तू सगळ्यांना सांगितलंस. मला सूप आवडत नाही. लग्न झालं तेव्हाही आवडत नव्हतं."

आईने वाडगा उचलून मोरीत ओतला. इतक्या आनंदाने सूप फेकताना मी कोणाला पाहिलेलं नाही.

"आणि तू," ते माझ्याकडे वळले. "बाथरूममध्ये नळ सोडून रडतेस. मला ऐकू येतं. केवढं पाणी वाया जातं."

मी त्यांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, यापुढे नळ न सोडता रडेन. ते समाधानाने मान हलवत राहिले. त्यांचा आवाज आता बसायला लागला होता. आईने उशी नीट केली आणि म्हणाली, बस करा आता, उरलेलं उद्या.

"एकच राहिलंय," बाबा म्हणाले. "त्या खुर्चीत तो बसलेला असतो. हॉस्पिटलमधून आपल्याबरोबरच आला. बिचारा कोणाला काही म्हणत नाही. तुम्ही दोघी येता आणि सरळ त्याच्या मांडीवर बसता. एकदा तरी सॉरी म्हणायचं."

आई हसली. त्या संध्याकाळी ती सगळ्यालाच हसत होती.

बाबा हसले नाहीत.

मी त्यांचा हात हळूच सोडला. "सॉरी," म्हणाले आणि उठले.

खुर्चीची दबलेली गादी तशीच दबलेली राहिली.