सतराचा पाना

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

माझ्यासोबत जे झालं ते भर दुपारी झालं. गेल्या वर्षीचा एक गुरुवार. सव्वादोन वाजले होते. आमच्या गॅरेजमध्ये लख्ख ऊन आलं होतं. तिखटमीठ लावून सांगायची मला सवय नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. अशा गोष्टींना मीही हसायचे.

आमचे हे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघायचं आणि घरी आलं की गाडीखाली शिरायचं. साठ वर्षांची जुनी गाडी. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने ती यांना देऊन टाकली. हे तिला लाडाने 'आजीबाई' म्हणायचे.

मी 'सवत' म्हणायचे.

पण खरं सांगते, मलाही तिचा लळा लागला होता. मी शिवणकाम करते. सीटची कव्हरं माझ्याकडे होती, म्हणून मशीनही गॅरेजमध्येच हलवलं होतं. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडून तीन पायऱ्या उतरलं की गॅरेज.

गाडीची चारही चाकं काढलेली होती. ती चार लोखंडी स्टँडवर उभी होती. हे एका चाकं लावलेल्या फळीवर उताणे झोपून तिच्याखाली सरकायचे. काही हवं असलं की फरशीवर दोनदा टकटक करायचे आणि हात बाहेर काढायचे. मी अंदाजाने पाना द्यायचे. चुकीचा असला की तो परत बाहेर यायचा. ना 'हा नको', ना 'तो दे'. लग्नाला एकोणीस वर्षं झाली की एवढं बोलायला लागत नाही.

त्या गुरुवारी हे जेवायला घरी येणार होते. मी गाडीकडे पाठ करून मागच्या सीटचं कव्हर शिवत बसले होते. शटर अर्धं उघडं होतं.

मशीनच्या आवाजात मागे काहीतरी सरकल्यासारखं वाटलं.

मी पाय थांबवला.

टक... टक.

"अहो, कधी आलात? हाक तरी मारायची!"

उत्तर नाही. हे एकदा गाडीत घुसले की देवाचंही ऐकत नाहीत, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. मी उठले. पुढच्या बंपरखालून हात बाहेर आला होता. ग्रीसने काळा झालेला. मी त्यात चौदाचा पाना ठेवला.

पाना परत बाहेर आला... फरशीवर घासत... हळू.

मग मी सतराचा दिला.

बोटं मिटली. माझ्या बोटांना त्यांचा स्पर्श झाला. गार होती. फरशीवर झोपलेत, गार असणारच, मी मनाशी म्हटलं आणि परत मशीनवर येऊन बसले.

मागे बोल्ट फिरायला लागला. कर्र... कर्र... कर्र.

"आटपा लवकर. जेवण गार होतंय."

"हं."

"ताईंचा फोन आला होता. रविवारी येतायत."

"हं."

कर्र... कर्र.

मी आणखीही काहीबाही बोलत राहिले. शेजारच्यांच्या कुत्र्याबद्दल, यांच्या हरवलेल्या चष्म्याबद्दल. दर वेळी मागून 'हं' येत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. दहा मिनिटं असतील.

मग मांडीवरचा फोन वाजला.

"अगं, तू जेवून घे," हे म्हणाले. "एका बाईंची अक्कलदाढ निघता निघत नाहीये. मला अजून अर्धा तास लागेल."

मला वाटलं, चेष्टा करतायत. गाडीखालून फोन लावलाय.

"तुम्ही... कुठे आहात?"

"क्लिनिकमध्ये! अजून कुठे असणार?"

फोनमध्ये मागे तोंडातलं पाणी ओढायच्या मशीनचा आवाज येत होता.

आणि माझ्या मागचा कर्र कर्र आवाज... थांबला.

मला मान वळवता येईना. समोर भिंत होती. त्या भिंतीला यांची चाकांची फळी टेकवून ठेवलेली होती. उभी. सकाळी मीच ठेवलेली.

"हॅलो? अगं, बोल ना!"

टक... टक.

मी कशी उठले, तीन पायऱ्या कशा चढले, मला आठवत नाही. दाराला कडी घातली आणि पाठीने दार दाबून खाली बसले.

तेवढ्यात माझ्या पाठीला हादरा बसला.

टक... टक.

दाराच्या अगदी खालच्या टोकाला. कोणी जमिनीवर आडवं पडून वाजवावं तसं.

फोन चालूच होता. हे त्या बाईंना तसंच खुर्चीवर बसवून, सहायकाच्या हवाली करून, धावत घरी आले. मला पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. आणि हसले.

"दुपारची डुलकी लागली असेल तुला. मशीनवर बसल्या बसल्या."

"मी पाना दिला हो! सतराचा! जाऊन बघा, खोक्यात आहे का!"

त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन खोकं उघडलं. पाना नव्हता.

"गाडीखाली पडला असेल," म्हणत त्यांनी फळी खाली घेतली.

"नका जाऊ. तुम्हाला माझी शपथ आहे."

"अगं, उंदीर असेल एखादा," म्हणाले आणि आत सरकले. मी बुटांपाशी गुडघे टेकून बसले. दातांनी ओठ चावत.

आत बॅटरीचा उजेड हलला. मग त्यांचा आवाज आला. बदललेला.

"गिअरबॉक्सचे बोल्ट कोणी काढले?"

गिअरबॉक्स रविवारी उतरवायचा होता. मेकॅनिककाका येणार होते, साखळी आणि जॅक घेऊन. तीस-पस्तीस किलोचं धूड आहे ते. यांनी त्याला हातही लावला नव्हता.

"एकाच बोल्टवर लटकलाय," हे कुजबुजले. "माझ्या छातीवरच आहे. जरा थांब... मी हळूच..."

मी वाकून बघितलं. त्यांचे दोन्ही हात मला दिसत होते. डावा हात गिअरबॉक्सला आधार देत होता. उजव्यात बॅटरी होती.

आणि पलीकडून, त्यांच्या डोक्याच्याही पलीकडून...

टक... टक.

मी त्यांचे दोन्ही पाय धरले आणि जीव खाऊन ओढलं.

फळी वीतभर सरकली आणि अडकली. आठ महिने ती लोण्यासारखी सरकत होती. चाकांखाली काही नव्हतं. मी किंचाळले, टाच स्टँडला रोवली आणि पुन्हा ओढलं. काहीतरी सुटल्यासारखं झालं. हे एकदम बाहेर आले, मी उलटी पडले, आणि आत धाडकन आवाज झाला. अख्खी गाडी हादरली.

छाती वाचली. उजवा हात मागे राहिला होता. दोन बोटं चेंगरली.

दातांच्या डॉक्टरचा उजवा हात. काय गेलं ते तुम्हीच समजा. सात महिने क्लिनिक बंद होतं. आता उघडलंय, पण हे फक्त तपासतात. दाढ काढायला दुसरे डॉक्टर येतात.

मेकॅनिककाकांनी ते बोल्ट हातात घेऊन बराच वेळ बघितले. "साठ वर्षांचा गंज आहे, वहिनी," ते म्हणाले. "हे पान्याने निघतच नाहीत. मी तापवायला गॅस आणणार होतो." पाना त्यांनाही सापडला नाही.

त्या गृहस्थांच्या मुलीलाही मी फोन केला. गाडीखाली कोणी मेलं होतं का, स्पष्टच विचारलं. ती रागावली नाही. म्हणाली, "नाही हो. बाबा अंथरुणात झोपेतच गेले. त्या गाडीला कधी साधा अपघातसुद्धा झाला नाही." मला उलट वाईट वाटलं. कोणी मेलं असतं तर निदान काहीतरी समजलं असतं.

गाडी क्रेनने उचलून नेली. कुठे नेली ते मी विचारलं नाही.

पण एक गोष्ट मला महिनाभराने कळली. मी यांच्या हाताचं बँडेज बदलत होते. हे एकदम म्हणाले, "त्या दिवशी तू पाय ओढत होतीस ना?"

"हो."

"मग माझा हात कोणी धरला होता?"

मी पट्टी गुंडाळायची थांबले.

"घट्ट नव्हता धरला," हे म्हणाले. "सवयीचा असावा तसा. म्हणून मी सोडवून घेतला नाही. मला वाटलं... तूच आहेस."

मलाही तर हेच वाटलं होतं, की हे आहेत.

आता झोपेत कधी त्यांचा हात माझ्या हातावर आला, की मी आधी विचारते, "तुम्हीच ना?"

हे "हो" म्हणतात.

पण कधी कधी... नुसतंच "हं" येतं. मग मी दिवा लावते.