अर्ध्या मिनिटाचा शेजार

कामेन माझ्या आयुष्यात आला तो माझ्या पेन्सिली चोरून.

नोव्हेंबरची सकाळ होती. बाहेर पाऊस पडायचा की बर्फ, ते आभाळाचं ठरत नव्हतं. संसदेच्या लघुलेखकांच्या खोलीत मी ओला कोट झटकला आणि पाहते तर काय, माझ्या टेबलावरच्या चारही पेन्सिली गायब! पलीकडे एक उंच, किडकिडीत माणूस त्यातलीच एक कानामागे खोचून उभा होता.

"त्या माझ्या आहेत," मी म्हणाले.

"नाव कुठे लिहिलंय?"

"टोक बघा. असं टोक या इमारतीत दुसऱ्या कुणाला काढता येत नाही."

त्याने खरंच पेन्सिल खिडकीकडे धरून टोक निरखलं. "खरंय हो. मग एक ठेवून घेतो... शिकायला."

आगाऊ! असं मी मनात म्हटलं. पण हसू काही आवरलं नाही.

आमचं टेबल सभागृहात वक्त्याच्या पायाशी असतं. प्रत्येकाची पाळी पाच मिनिटांची. पुढचा लघुलेखक मात्र अर्धं मिनिट आधीच येऊन बसतो आणि तेवढा वेळ दोघंही लिहितात, म्हणजे माणूस बदलताना शब्द सांडत नाही. कामेननंतर पाळी माझी. दिवसातून दहा-बारा वेळा अर्ध्या मिनिटाचा शेजार, कोपराला कोपर लागेल इतका जवळचा. एवढ्यात काय होतं, असं कुणाला वाटेल. त्यांनी बसून बघावं!

आमच्या प्रमुख स्टोइलोवाबाईंचे नियम दोन. एखादा सदस्य 'मी असं म्हणालोच नाही' म्हणाला, तर एकाच वहीतलं वाक्य वगळायचं. दोन वह्यांत असेल तर साक्षात देव आला तरी नाही. आणि वहीत सभागृहाबाहेरचं एक अक्षर लिहिलं, तर घरी बसायचं.

दुसरा नियम आम्ही डिसेंबरातच मोडला. अर्थसंकल्पावर कुणीतरी दळण दळत होता, तेव्हा कामेनने समासात लिहिलं, 'कॉफी?' मी माझ्या समासात लिहिलं, 'आधी पेन्सिल परत.' पाळी संपली की आम्ही आपापल्या ओळी रबराने पुसायचो. जानेवारीत त्याचा प्रश्न आला, 'रविवारी व्हितोशा डोंगरावर बर्फ बघायला?' तो पुसताना माझा हात जरा रेंगाळला, हे कबूल करते.

मग फेब्रुवारीत बस आगारात स्फोट झाला. अकरा माणसं गेली. उपाहारगृहात आम्हाला रोज गरम, चीज भरलेली बानित्सा वाढणाऱ्या इस्क्रामावशींची सून त्यात होती. मावशी चौथ्या दिवशी कामावर आल्या, पण त्यांच्याकडे मान वर करून बघायची कुणाची छाती होईना.

दहशतवादविरोधी विधेयक आठवड्याभरात आलं. नुसत्या संशयावरून कुणालाही उचलायचं आणि न्यायाधीशाला तोंड न दाखवता तीस दिवस आत ठेवायचं. विरोधी बाकावरच्या एक वृद्ध वकीलबाई एकट्याच भांडत होत्या. "चावी सरकारकडे असू द्या," त्या म्हणाल्या, "पण दाराला खिडकी तरी ठेवाल की नाही?" समोरून ओरडा झाला, "मेलेल्यांना विचारा!" तेही आम्ही लिहिलं. मावशींची आठवण यायची आणि मला दोन्ही बाजू खऱ्या वाटायच्या.

कामेनचे समास मात्र कोरे पडायला लागले.

एक मार्चला मी त्याच्या मनगटाला मार्तेनित्सा, वसंताच्या स्वागताचा लाल-पांढरा दोरा, बांधली. हात बर्फासारखा गार होता.

"इतका गप्प का रे? दुसरीने बांधायला हवी होती का?"

"तूच बांध," तो म्हणाला. "फक्त... गाठ घट्ट मार."

मतदान चार तारखेला होतं. कामेनची पाळी संपत आली आणि मी शेजारी येऊन बसले. वकीलबाई विचारत होत्या, "स्फोटानंतर आधीच उचललेल्या एकोणीस जणांचं काय? त्यांनाही तीस दिवस?"

गृहमंत्री जागेवरूनच बोलले. त्यांचा माईक बंद होता. अशी वाक्यं ध्वनिमुद्रणात येत नाहीत. त्यासाठीच तर आम्ही खाली बसतो. "त्यांना जुनाच कायदा! उद्याच न्यायाधीशांपुढे उभं करतो. झालं समाधान?"

कट्! कामेनच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याने माझी एक ओढली आणि वाक्य पुरं केलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मीही ते वाक्य लिहायला हवं होतं. अकरा वर्षांत मी कधी चुकले नव्हते. पण माझ्या हाताने समासात भलतंच लिहिलं, 'उद्याच न्यायाधीशांपुढे म्हटल्यावर तुझी पेन्सिल का मोडली? घाबरू नकोस, मी आहे ना.'

ते न वाचताच तो उठून गेला. विधेयक तासाभरात भरघोस मतांनी पास झालं.

जिन्यात मी त्याला गाठलं. "आता सांग."

"माझा धाकटा भाऊ. अस्पारुख." आवाज खोल गेला होता. "शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. प्रयोगाच्या बाटल्या घरात सापडल्या. सहा दिवस झाले, कुठे ठेवलाय तेही सांगत नाहीत."

"आणि मला बोलला नाहीस?"

"बोललो असतो, तर तुलाही लपवावं लागलं असतं. असा नातेवाईक असलेल्याला सभागृहात बसू देत नाहीत." मग कितीतरी दिवसांनी तो हसला. "पण ऐकलंस ना? उद्याच! आपल्या दोघांच्या वहीत आहे."

माझ्या वहीत ती ओळ कोरीच होती. त्याला काय सांगणार होते मी!

दुपारी दोनला स्टोइलोवाबाई हातात चिठ्ठी घेऊन आल्या. "मंत्री म्हणतात, ते असं बोललेच नाहीत. कामेन, तुझ्या वहीत आहे. नेवेना, तुझी दाखव."

मी वही उघडली. वाक्याच्या जागी कोरी ओळ आणि समासात माझी ती बडबड. खिशात रबर होतं. त्या कोऱ्या ओळीत वाक्य भरून टाकावं, असंही क्षणभर मनात आलं. पण बाईंची नजर माझ्या हातावर होती, आणि खोटं लिहून मिळवलेलं मला नको होतं.

कामेनने वाकून पान पाहिलं. सगळं त्याच्या लक्षात आलं.

"पूस ते," तो कानाशी पुटपुटला. "नोकरी जाईल तुझी."

"आणि अस्पारुख?"

"भाऊ माझा आहे, नेवेना. तुझा नाही."

"मग मी तुझी कोण?"

उत्तराची वाट न बघता मी वही बाईंपुढे ठेवली.

त्यांनी चष्मा चढवला आणि दोनदा वाचलं. "हे समासात आहे."

"हो."

"आणि खाजगी आहे."

"आहे. पण मंत्र्यांचे शब्द कानावर पडले त्याच घटकेला लिहिलेत. नाहीतर त्याची पेन्सिल कशावर मोडली हे मी कशाला विचारीन?"

बाईंनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग ड्रॉवरमधून शिक्का काढून त्यांनी दोन्ही पानांवर मारला. "दोन वह्या," त्या म्हणाल्या. आमच्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी ते एकोणीस जण न्यायालयात आले. त्यातल्या अकरा जणांना परत आत पाठवलं. अस्पारुख सुटला. भिंतीला धरून तो पायऱ्या उतरला, डाव्या हाताची दोन बोटं बांधलेली होती. कामेनने त्याला मिठी मारली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "माझा वर्ग कोण घेतंय?"

त्याच संध्याकाळी नव्या कायद्याखाली आणखी माणसं उचलली गेली. त्यांच्या नावे कुणाच्याच वहीत काही नव्हतं.

पंधरा दिवसांनी बागेतल्या आलुबुखाराला फुलं आली. मनगटावरची मार्तेनित्सा काढून फुललेल्या झाडाला बांधायचा दिवस. मी पोचले तर कामेन आधीच बाकावर होता, मांडीवर कामकाजाचा छापील खंड घेऊन.

"बाईंनी पुरावा म्हणून तुझं पान जोडलंय," तो म्हणाला. "अख्खं. एक शब्द कापलेला नाही."

मी वाचलं आणि कानशिलं तापली. मंत्र्यांच्या वाक्याखाली, सरकारी टायपात छापलं होतं, 'घाबरू नकोस, मी आहे ना.'

"राज्याच्या दप्तरात गेलंय हं! आता 'मी असं म्हणालेच नाही' चालायचं नाही."

"चालेल की," मी म्हणाले. "एकाच वहीत आहे ते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून एक साधी वही काढली आणि कानामागची, नोव्हेंबरात चोरलेली, माझी पेन्सिल. फुलांच्या पाकळ्या पानावर पडत होत्या, त्या बाजूला सारत त्याने सावकाश, नीट अक्षरात लिहिलं,

'मी आहे ना.'